आधी काटा तपासा
(देवगाव रंगारी इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी उचलतो, कविता लिहितो. शिक्षण दहावी. तुम्ही म्हणाल, हा हमाल परीक्षेच्या गणितावर काय बोलणार? पण वजनात काटा कसा मारतात, ते हमालाइतकं कुणाला ठाव?

शाळेत शिष्यवृत्तीच्या सरावात बुद्धिमत्तेचा प्रश्न आला: बॅट तसं क्रिकेट, तर रॅकेट तसं काय? मी रॅकेट जन्मात बघितली नव्हती. मार्क गेला. गुरुजी म्हणाले, याला डोकं नाही. तो शब्द अजून छातीत रुतलाय.

अमेरिकेतही तेच. तिथल्या एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेतला एक प्रश्न गाजला: धावणाऱ्याचा मॅरेथॉनशी जो संबंध, तो वल्हं मारणाऱ्याचा कशाशी? उत्तर ‘रिगाटा’, म्हणजे होड्यांची शर्यत. मी रोज बोटींवर राबतो, मला तो शब्द ठाव नव्हता. असले जोड्यांचे प्रश्न तिथं 2005 साली बंद झाले.

मग पक्षपात पकडायचा कसा? नुसतं ‘आमची पोरं मागं पडली’ म्हणून भागत नाही. ते म्हणतील, अभ्यास कमी पडला. म्हणून मँटेल आणि हेन्झेल यांनी 1959 साली रोगांच्या अभ्यासासाठी मांडलेली रीत पुढं 1980 च्या दशकात प्रश्नांना लावली गेली.

एकूण मार्क सारखे असलेली पोरं घ्यायची. समजा, 50 पैकी 20 मिळालेली 100 बंगल्यांतली, 100 वस्तीतली. एक प्रश्न बंगल्यांतल्या 70 जणांना आला, 30 जणांचा चुकला. वस्तीत 40 जणांना आला, 60 जणांचा चुकला. दोन्ही प्रमाणं भागली की साडेतीन पट. मार्कांच्या प्रत्येक पायरीवर असंच मोजून हिशेब एकत्र करायचा. आकडा एकाच्या आसपास असंल तर ठीक. लांब गेला तर प्रश्नावर संशय धरायचा, तो माणसांपुढं तपासायला आणायचा.

पण सावध! सारखी पोरं निवडली ती त्याच पेपरच्या मार्कांवरून. अख्खा पेपरच वाकडा असंल तर मापच खोटं, मग ही रीतही आंधळी. म्हणून प्रश्न काढणाऱ्यांच्या टेबलाशी वस्तीतलं माणूस पाहिजेच.

आपल्याकडं शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते. मागणी एवढीच करा: प्रत्येक प्रश्नाचा असा हिशेब लोकांपुढं मांडा. तोवर आमच्या पोरांना ‘डोकं नाही’ म्हणायचा हक्क कुणालाच नाही.

जयभीम!