लाइन शिकल्याशिवाय गाडी नाही
(वाराणसी येथे नव्या समुदाय आरोग्य अधिकारी परिचारिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही रेल्वेची माणसे, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. औषधपाण्यातले तुम्हाला आम्ही काय सांगणार? पण जोखमीच्या कामावर प्रथमच एकट्याने उभे राहताना पोटात जो गोळा येतो, तो आमच्या परिचयाचा आहे.

२०१८ साली आयुष्मान भारत योजना आली आणि उपकेंद्रांची आरोग्य व कल्याण केंद्रे होऊ लागली. २०२३ पासून त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. सपाट मुलखात सुमारे ५,००० वस्तीला एक केंद्र, आणि तिथे तुम्ही. कालपर्यंत वॉर्डात डॉक्टरांचा राउंड होत असे, जुनी सिस्टर पाठीशी असे. आज तपासणाऱ्या तुम्हीच, आणि डॉक्टर फोनच्या पलीकडे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका ट्रॅकमनची आई डोके दुखते म्हणून गावच्या केंद्रावर गेली. रक्तदाबाचा वरचा आकडा १९० च्या पुढे. केंद्रावरच्या नव्या मुलीला वाटले, यंत्र बिघडले. पुन्हा मोजले, तेच. एवढ्याशासाठी विचारले तर डॉक्टर हसतील, म्हणून तिने फोन केला नाही. म्हातारीला घरी आराम करायला सांगितले. रात्री म्हातारीचा उजवा हात लुळा पडला. मुलगा संतापून आमच्या कचेरीत आला, तिच्याविरुद्ध तक्रार लिहून द्या म्हणाला. आम्ही आधी तिला भेटलो. ती रडत होती. अहो, तिने मोजले बरोबर होते! भरवसा नव्हता तो स्वतःच्या आकड्यावर. तक्रार आम्ही लिहिली, पण तिला एकटीला बसवणाऱ्यांविरुद्ध.

आमच्याकडे ‘लर्निंग रोड’ म्हणतात. ड्रायव्हर कितीही जुना असो, नव्या सेक्शनवर त्याला आधी शिकण्याच्या फेऱ्या कराव्या लागतात, रात्रीचीसुद्धा. मग रस्ता ओळखला म्हणून तो सही करतो, त्यानंतरच गाडी. दुसरा नियम असा की सिग्नल विझलेला किंवा अर्धवट दिसला, तर तो सर्वांत कडक इशारा देतो आहे असेच धरायचे. थांबला म्हणून ड्रायव्हरला कोणी भित्रा म्हणत नाही.

तुम्हीही तसेच करा. १४०/९० किंवा त्यावर आकडा आला की पुन्हा मोजा, लिहून ठेवा, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा. १८०/१२० च्या पुढे असून डोके फुटते आहे, छातीत दुखते आहे, तोंड वाकडे झाले आहे, तर १०८ बोलवा. संध्याकाळची वाट नको. २०१९ पासून ई-संजीवनी आहे, ती विचारण्यासाठीच आहे. आणि एक वही ठेवा: मला काय वाटले, डॉक्टरांनी काय ठरवले. महिन्याने उघडून पाहा. कुठे बरोबर होता आणि कुठे नेहमी चुकता, दोन्ही दिसेल.

पण सगळे तुमच्यावर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. किती जणांना तपासले याचे आकडे वरून मागतात. शिकवायला मात्र कोणी येत नाही. त्यात नोकरी कंत्राटी. कंत्राटी माणूस ‘मला येत नाही’ म्हणायला भितो, आणि नेमके तेच म्हणता आले पाहिजे. म्हणून आमची मागणी आहे की पहिले तीन महिने आठवड्यातून एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांशेजारी बसून रुग्ण पाहायला मिळावेत, आणि तो दिवस ड्युटीत धरावा.

अर्जाच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. चहाला जाण्यापूर्वी वाचून सह्या करा.