धावणे आणि धावून येणे



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने समोर सतरंजीवर बसून ऐकावे, हीच आजवरची रीत. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि गेटसभेत. तरीही चालकांनी मला शर्यती, जाहिरातदार आणि वर्तमानपत्रे असा विषय नेमून दिला. मी म्हटले, "अहो, मी काय धावपटू आहे?" तर ते म्हणाले, "कर्जत-खोपोली लोकल पकडायला तीस वर्षे धावलात, तेवढे पुरे."

गोष्ट खरी आहे. कर्जतला एका फलाटावरून दुसऱ्यावर आणि खोपोलीला स्टेशनापासून कारखान्याच्या दारापर्यंत, भोंग्याच्या आत पोचायचे, म्हणून आम्ही धावलो. डबा एका हातात, चप्पल दुसऱ्या हातात. त्या धावण्याचा फोटो कोणी काढला नाही आणि गळ्यात पदकही कोणी घातले नाही. आज त्याच रस्त्यांवर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी रंगीत बूट घालून धावायला येतात. मी त्यांना हसत नाही. आठवडाभर खुर्चीला खिळलेल्या माणसाला डोंगराची हवा हवीशी वाटली, तर त्यात हसण्यासारखे काय? परंतु एक प्रश्न मनात येतोच. यांतले खरे धावणे कोणते, आणि ते ठरवायचे कोणी?

थोडे मागे जाऊ. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यती झाल्या. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे होते. पायात काही नाही, शर्यतीचे नियम ठाऊक नाहीत, पण लांब पल्ल्याला त्यांची धाव अशी की पाहणारे चकित झाले. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या मनात आले, ही पोरे ऑलिंपिकला का जाऊ नयेत? त्यांनी गव्हर्नरसाहेबांकडे शब्द टाकला, पदरचे पैसे घातले आणि १९२० साली हिंदुस्थानचा संघ अँटवर्पला गेला. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले.

दोराबजींचे हे ऋण मान्य केले पाहिजे. पण आपण घाटाखालची माणसे, आपल्याला दुसरी बाजूही ठाऊक आहे. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले ते याच घराण्याचे. आणि अँटवर्पनंतरच्याच वर्षी, १९२१ साली, मुळशीचे मावळे शेतकरी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले, ते याच घराण्याच्या धरणाविरुद्ध. शेतकऱ्याच्या पोराचे पाय कौतुकाचे ठरले, पण त्या पायांखालच्या जमिनीची गोष्ट निघाली तेव्हा हिशेब निराळा झाला. दाता वाईट होता असे मी म्हणत नाही. दान एक आणि हक्क दुसरा, एवढेच माझे म्हणणे. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्यावर आधी एका परदेशी बँकेचे नाव होते, २०१८ पासून टाटांचे आहे. तिच्यातून संस्थांना कोट्यवधींच्या देणग्या मिळतात, हेही खरे. पण नाव बदलले म्हणून धावणारे बदलले नाहीत. म्हणजे शर्यत नावावर उभी नसते, ती धावणाऱ्यांच्या पायांवर उभी असते.

आता जगातले एक उदाहरण घ्या. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा शिपाईगडी अबेबे बिकिला मॅरेथॉनला उभा राहिला. मिळालेले बूट पायाला नीट बसेनात, म्हणून तो अनवाणी धावला आणि जिंकला. चार वर्षांनी टोकियोला तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. तेव्हा अनवाणी धावणे म्हणजे खरे आणि बूट म्हणजे खोटे, असा भाबडा समज करून घेऊ नका. पुढची गंमत निराळीच आहे. तो गेल्यावर कित्येक वर्षांनी, २०१० साली, एका इटालियन कंपनीने अनवाणी धावल्यासारखे वाटावे असे बूट काढले आणि त्यांना नाव दिले 'बिकिला'! घरच्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेत दावा लावला. दावा उशिरा आणला, म्हणून पुढल्या वर्षी कोर्टाने तो काढून टाकला. अनवाणी पायांची कीर्तीसुद्धा खोक्यात घालून विकता येते, एवढे त्यातून समजले.

दुसऱ्यांचे फार सांगितले, आता स्वतःचे सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्याने कामगारांची दौड भरवली. सगळ्यांना बनियन वाटले, त्यांवर छातीवर लिहिलेले, 'आम्ही एक कुटुंब'. त्या वेळी आमच्या कराराची बोलणी अडलेली होती. तरी मी बनियन घातले, पुढल्या रांगेत उभा राहिलो, हसलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. कंत्राटी पोरे पहाटे चारपासून रस्त्यावर पाण्याची टेबले मांडत होती. त्यांना ना बनियन, ना धावायची मुभा. त्यांतल्या एकाने चहाच्या टपरीवर तो फोटो माझ्यापुढे धरला आणि विचारले, "दादा, या कुटुंबात आम्ही कुठं?" तीस वर्षे मालकांना प्रश्न विचारणारा मी, मला उत्तर सुचले नाही. लबाडी एकट्या कारखान्याची नव्हती. तो फोटो खरा ठरावा म्हणून माझे हसू उपयोगी पडले होते.

वर्तमानपत्रांचेही असेच आहे. बारामतीच्या लताबाई करे तुम्हाला आठवत असतील. वयाची साठी उलटलेली, नवऱ्याच्या तपासणीला पैसे नाहीत. बाई नऊवारी नेसून अनवाणी ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. फोटो सगळीकडे झळकले. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचेच काम केले. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा खास उल्लेख झाला. बाईंचे शौर्य शंभर नंबरी. पण टाळ्या वाजवताना आपण एक प्रश्न गिळला. नवऱ्याच्या तपासणीसाठी म्हाताऱ्या बाईला शर्यत जिंकावी का लागते? ज्या बाया त्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या आल्या, त्यांच्या घरी आजारी माणूस नव्हते कशावरून? बातमी एकीची होते, दुखणे मात्र सगळ्यांचे असते. बातमीने दुखण्यापर्यंत जावे, एवढीच माझी वर्तमानपत्रवाल्या मित्रांना विनंती.

मग खरी सोबत कुठे पाहायची? उद्या पहाटे पाचला उठून रस्त्यावर या. पोलीसभरतीची मुले-मुली धावताना दिसतील. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. तिघांत मिळून एक घड्याळ. चांगले बूट एकाकडे, ते परीक्षेच्या दिवशी ज्याला लागतील त्याला. खरे तर ही एकमेकांचे प्रतिस्पर्धी, कारण जागा थोड्या. तरीही मागे पडलेल्याला पुढचा हाक मारतो, "चल रे, शेवटची फेरी!" त्यांच्या छातीवर कोणाचे नाव नाही.

माझी सूचना साधी आहे. कर्जत-खालापूरची एक शर्यत आपण वर्गणीतून भरवू. युनियनमध्ये शिकलो ते हे की, ज्याच्या हातात पावती असते तो हिशेब मागू शकतो. फुकट बनियन घेणाऱ्याला तो मागता येत नाही. यात नवे काही नाही. १९२५ साली फ्रँकफर्टला आणि १९३१ साली व्हिएन्नाला युरोपातल्या कामगारांनी स्वतःची ऑलिंपिके भरवली होती. व्यापाऱ्यांनी मदत केली तर आनंदाने घेऊ, फलकही लावू. पण रस्ता ज्या वाडीतून जाईल तिला आधी विचारू, पाणी देणाऱ्यालाही धावू देऊ आणि हिशेब याच सभागृहात वाचून दाखवू.

शेवटी एकच सांगायचे आहे. आपल्या भाषेत 'धावणे' आहे तसे 'धावून येणे'ही आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नाही, धो धो पाऊस, अंधार, चिखलाची पायवाट. यंत्रे वर चढेनात, हातांनी माती उकरावी लागली. त्या रात्री खालच्या गावांतली माणसे, खोपोलीचे डोंगर चढणारे तरुण, पोलीस, अग्निशमनचे जवान वर गेले. त्यांतल्या एका जवानाने तो चढ चढतानाच प्राण सोडला. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत. वर पोचलेल्यांत पहिला कोण, हे कोणी विचारले नाही.

डोंगरात रोज धावणाऱ्यांचा दम त्या रात्री कामी आला. तो दम कमावणे चांगलेच. पण गरज पडेल तेव्हा तो कोणाकडे धावतो, हे आपण आपल्याला विचारत राहिले पाहिजे. टपरीवरच्या त्या पोराला माझे उत्तर अजून द्यायचे आहे. आपली शर्यत भरली, तर सुरुवातीच्या रेषेवर मी त्याच्या शेजारी उभा राहीन. गुडघे दुखतात, पण चालत का होईना, शेवटपर्यंत जाईन.