पालिका कोण मोडतं?

अमेरिकेतल्या काही राज्यांत रहिवासी मतदान करून आपली नगरपालिका बरखास्त करू शकतात. आपल्याकडे ती सोय नाही; स्थानिक संस्था बनवायची की मोडायची, हे शासन ठरवतं. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. २०२० साली साताऱ्याची हद्द वाढली आणि शाहूपुरी ग्रामपंचायत पालिकेत गेली. दोन्ही वेळा निर्णय शासनाच्या अधिसूचनेनं झाला. मला हे अपुरं वाटतं. गाव ज्यांचं, त्यांचा कौल घ्यायलाच हवा.

तरी नगरपरिषदेची हद्द ठरवताना राज्याचा १९६५चा नगरपरिषद कायदा आपल्याला बोलायची संधी देतो. आधी उद्‌घोषणा निघते, हरकतींसाठी किमान ३० दिवस मिळतात. घरपट्टी, पाणी, गटार, जे खटकतं ते कारणांसह लिहा, जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका.