भरून टाकण्याआधी वाचून काढा

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘नागरिक आणि कायदा’ असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे आणि मी वकील नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे हे शोधणं, एवढंच माझं रोजचं काम. म्हणून मी फक्त एका ई-चलानाबद्दल बोलणार आहे. ते २०२३ साली माझ्या गाडीवर आलं होतं आणि मी ते भरलं नाही, लढवलं.

आरोप होता चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक केल्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लावलं होतं. सोबतच्या फोटोत माझी गाडी एका टेम्पोच्या डावीकडून पुढे जाताना दिसत होती. फोटो खरा होता. गाडी माझी, चालवत मीच होतो. आता फोटोत न आलेली गोष्ट सांगतो. रस्ता चौपदरी होता. टेम्पो उजव्या लेनमध्ये, दुभाजकातल्या मोकळ्या जागेपाशी उजवीकडे वळायला थांबला होता. त्याचा इंडिकेटर चालू होता. मी माझ्या डाव्या लेनमधून सरळ गेलो.

घरात चर्चा झाली. माझे मामू शाळेची व्हॅन चालवतात. ते म्हणाले, “भर दे बेटा, कायकू लफडा. आपलं नाव वाचलं की...” आणि पुढचं बोललेच नाहीत. हे अर्धं वाक्य तुमच्यापैकी बहुतेकांनी आपल्या घरी ऐकलं असेल. मी ते हसण्यावारी नेत नाही. तीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाचं ते वाक्य आहे. पण तेवढ्यावर मला पैसे भरायचे नव्हते.

आधी कलम काय म्हणतं ते पाहू. १८४ म्हणजे धोकादायक रीतीने गाडी चालवणं. २०१९ च्या दुरुस्तीत सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाईल हातात धरणं, उलट दिशेने जाणं आणि कायद्याविरुद्ध ओव्हरटेक करणं हे सगळं या कलमात स्पष्ट लिहिलं गेलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. लायसन्सवरही गदा येऊ शकते. आपण मोबाईलवरून चलान भरतो ती कलम २०० खालची तडजोड असते. प्रकरण तिथेच मिटतं, पण आपली बाजू कुणी ऐकलेली नसते. माझ्यासारख्याला ते एक वेळ परवडेल. मामूंसारख्या माणसाची चूल लायसन्सवर पेटते. त्याने न केलेल्या गुन्ह्याचं चलान निमूट भरणं ही साधी गोष्ट नाही.

आता ‘कायद्याविरुद्ध ओव्हरटेक’ म्हणजे काय? हे ठरतं २०१७ च्या वाहनचालन विनियमांवरून. सर्वसाधारण नियम असा की ओव्हरटेक उजवीकडून करायचा. पण पुढच्या गाडीने उजवीकडे वळण्याचा इशारा दिला असेल आणि ती त्या बाजूला सरकली असेल, तर डावीकडून जाता येतं. म्हणजे माझं सगळं प्रकरण एका दिव्यावर येऊन थांबलं. टेम्पोचा इंडिकेटर लागलेला होता की नव्हता?

फोटोत तो विझलेला दिसत होता.

इथे माझं शिक्षण कामाला आलं. इंडिकेटर सतत जळत नाही, उघडझाप करतो. मानकाप्रमाणे मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा. त्यामुळे बराचसा वेळ तो विझलेलाच असतो. त्या क्षणी फोटो निघाला, तर इंडिकेटर चालू असूनही फोटोत दिवा बंद दिसणार. एका फोटोवरून एवढंच सांगता येतं की त्या क्षणी दिवा पेटलेला नव्हता. टेम्पोने इशारा दिला होता की नाही, हे कळायला पुढचे एक-दोन सेकंद पाहावे लागतात.

ते सेकंद मागण्याचा हक्क आहे का? केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायला हवं. चित्रणावर ठिकाण, तारीख आणि वेळ उमटलेली हवी. गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची. आणि माझ्या कामाची गोष्ट म्हणजे, चलानाचा निकाल लागेपर्यंत ते चित्रण जपून ठेवायचं. जपायचं आहे, तर दाखवताही आलं पाहिजे.

मी ऑनलाइन तक्रार केली. एका ओळीत उत्तर आलं की चलान योग्य आहे. कारण दिलं नव्हतं. मग संबंधित वाहतूक शाखेत लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. अर्ज एका पानाचा होता. त्यात तीनच मागण्या होत्या. कोणत्या तरतुदीचा भंग झाला ते सांगा. फोटोच्या आधीचं आणि नंतरचं चित्रण तपासा. कॅमेऱ्याचं त्या तारखेला लागू असलेलं प्रमाणपत्र दाखवा. ‘अन्याय’, ‘त्रास’, ‘जाणूनबुजून’ यांतला एकही शब्द मी लिहिला नाही.

दोन चकरा झाल्या. दुसऱ्या वेळी तिथल्या अधिकाऱ्यांनी चित्रण लावलं. चार सेकंदांत टेम्पोचा दिवा पाच वेळा लागला. त्यांनी ते परत एकदा लावून पाहिलं आणि म्हणाले, “ठीक आहे, पाठवतो वर.” सुमारे तीन महिन्यांनी चलान रद्द झालं.

आता मामूंच्या अर्ध्या वाक्याकडे येतो. त्या अर्जावर माझं पूर्ण नाव होतं, अब्बांच्या नावासकट. मला कुणी वेगळं वागवलं नाही. यावरून सगळ्यांना असाच अनुभव येतो, असं मी म्हणणार नाही. इथे बसलेल्या काहींचे अनुभव वेगळे आहेत, ते मी काल रात्री जेवताना ऐकले. माझं म्हणणं एवढंच की रस्त्यावरच्या तोंडी हुज्जतीत नाव, बोलण्याची ढब, दाढी, बुरखा या सगळ्यांना जागा मिळते. लेखी अर्जात ती जागा कमी होते. इंडिकेटर लागला होता का, या प्रश्नाचं उत्तर अर्जदाराच्या नावाने बदलत नाही. आणि ज्याला पक्षपात करायचाच आहे, त्यालाही मग सही करून लेखी करावा लागतो. ते कागद पुढे कोर्टात आपल्या उपयोगी पडतात.

आणखी दोन गोष्टी सांगतो. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, पण ती तडजोडीची जागा आहे हे लक्षात ठेवा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. गुन्हा केलाच नसेल, तर तडजोड मान्य नाही असं तिथेच स्पष्ट सांगा आणि नेहमीच्या कोर्टात बाजू मांडा. दुसरं, नियम बदलत राहतात. पुराव्याचा जुना कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा जुना मेसेज पुढे ढकलू नका. आपल्या चलानाच्या तारखेला काय लागू होतं ते बघा.

आणि कडू वाटलं तरी ऐका. वळणावर, पुलावर, अखंड रेषा ओलांडून कट मारला असेल तर मुकाट्याने दंड भरा. तिथे समोरून येणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो. खोटी तक्रार करणारा माणूस खऱ्या तक्रारीचं वजन घालवतो.

शिबिरातून घरी गेलात की एक काम करा. आपल्या मोहल्ल्यातला एक रिक्षावाला, एक टेम्पोवाला किंवा डिलिव्हरी करणारा एक मुलगा गाठा. त्याच्या नावावरची चलानं त्याच्यासोबत बसून उघडा. प्रत्येकाचा फोटो पाहा, कलम वाचा, तारीख वाचा. जे खरं असेल ते भरायला सांगा. जे पटणार नाही, त्याचा एक पानाचा अर्ज त्याच्या शब्दांत लिहून द्या. पोच घ्यायला मात्र विसरू नका.