‘क्रमशः’चा संसार : इर्ना फिलिप्स यांची लेखनयात्रा

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा पाठ)



शंभर वर्षांच्या ग्रंथालयात दूरचित्रवाणी मालिकांच्या लेखिकेवर व्याख्यान ठेवणे काहींना औचित्यभंग वाटेल. वाचन कमी का झाले असे विचारले की पहिले बोट मालिकांकडेच दाखवले जाते. परंतु ‘क्रमशः’ या शब्दाची गोडी मराठी वाचकाला मालिकांनी लावलेली नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत गेली, आणि यमूचे पुढे काय झाले हे जाणण्यासाठी वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत राहिला. हीच वाट पाहणे नभोवाणीवर, आणि पुढे दूरचित्रवाणीवर, नित्याचे करून सोडणाऱ्या बाई म्हणजे शिकागोच्या इर्ना फिलिप्स.

त्यांचा जन्म १ जुलै १९०१ रोजी एका ज्यू कुटुंबात झाला. दहा भावंडांत त्या धाकट्या. वडील लवकर गेले. घर आईने सावरले. मुलीला नटी व्हायचे होते. मात्र रंगभूमीला लागणारे रूप तुझ्याजवळ नाही, असे विद्यापीठात तिला ऐकवण्यात आले. मग ओहायो राज्यातील डेटन येथे तिने शिक्षिकेची नोकरी धरली. नभोवाणीला चेहरा लागत नाही, आवाज पुरतो. तिला दार उघडले ते तिथे.

२० ऑक्टोबर १९३० रोजी शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रावरून ‘पेंटेड ड्रीम्स’ सुरू झाली. एक वृद्ध आई, तिची मुले, त्यांची स्वप्ने, एवढाच तिचा ऐवज. लेखन इर्नाबाईंचे आणि आईच्या भूमिकेतला आवाजही त्यांचाच. दिवसा प्रक्षेपित होणाऱ्या कौटुंबिक मालिकांचा उगम बहुतेक अभ्यासक येथे दाखवतात. अशा मालिकांना साबण बनवणाऱ्या कंपन्या आश्रय देत, म्हणून पुढे त्यांना ‘सोप ऑपेरा’ हे काहीसे थट्टेचे नाव पडले.

त्यांच्या कारकिर्दीतला खरा पेच याच पहिल्या मालिकेत उभा राहिला. ती मोठ्या प्रक्षेपण-जाळ्याकडे न्यावी असे बाईंचे म्हणणे. केंद्राचे उत्तर असे की मालिका आमची आहे. पगार घेऊन लिहिलेली कथा कोणाची, लिहिणाऱ्याची की पगार देणाऱ्याची? १९३२ मध्ये बाई केंद्र सोडून बाहेर पडल्या. न्यायालयातला झगडा लांबला आणि निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. जन्म देणाऱ्या आईलाच अपत्यावरचा हक्क नाकारला जावा, तसे झाले.

या पराभवातून त्या शिकल्या. पुढची मालिका ‘टुडेज चिल्ड्रन’ त्यांनी आपल्या मालकीची ठेवली. लेखिका आणि निर्माती ही दोन्ही कामे त्यांनी एका हाती घेतली ती हौसेने नव्हे. आपले लेखन आपल्या हातून जाऊ नये म्हणून. या मालिकेतल्या आईच्या पात्रामागे त्यांची स्वतःची आई होती. ती निवर्तल्यावर आश्रयदात्यांना ती उत्तम चालावी असे वाटत असतानाही बाईंनी मालिका थांबवली. मालकी आपल्याकडे असल्यामुळेच त्यांना हे करता आले.

२५ जानेवारी १९३७ रोजी ‘द गायडिंग लाइट’ सुरू झाली. तिच्या मुळाशी एक खाजगी दुःख होते. तारुण्यात बाईंच्या पोटी मृत अपत्य जन्मले होते, आणि त्या काळात प्रेस्टन ब्रॅडली या धर्मोपदेशकाच्या नभोवाणीवरील प्रवचनांनी त्यांना धीर दिला होता. म्हणून मालिकेचा नायक एक धर्मोपदेशक झाला, आणि त्याच्या खिडकीतला दिवा हे मालिकेचे प्रतीक ठरले. ही मालिका १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि १८ सप्टेंबर २००९ रोजी संपली. ७२ वर्षे! आजीने ऐकायला सुरुवात केलेली कथा नातीने पाहून संपवावी, असे भाग्य फार थोड्या कथांना लाभते.

त्यांची लेखनपद्धती सांगण्याजोगी आहे. इर्नाबाई लिहीत नसत, बोलत. खोलीत येरझारा घालत, प्रत्येक पात्राचा आवाज काढत त्या संवाद सांगत, आणि लेखनिक ते टिपून घेत असे. नटी होण्याची राहून गेलेली हौस अशी फिटत असावी. १९४० च्या सुमारास अनेक मालिका एकाच वेळी चालू असताना त्यांचे लेखन वर्षाला सुमारे २० लक्ष शब्दांपर्यंत जाई, असे सांगतात. एवढ्या लेखनात सगळेच कसदार कसे असेल? अपघात, स्मृतिभ्रंश, न्यायालयातले खटले ही त्यांची ठरलेली हत्यारे होती, आणि ती त्यांनी बोथट होईतो वापरली. तरीही एक जाण त्यांच्यापाशी पक्की होती : श्रोत्याचे मन घटनेपेक्षा माणसात अधिक गुंतते.

२ एप्रिल १९५६ रोजी सुरू झालेल्या ‘अॅज द वर्ल्ड टर्न्स’मध्ये ही जाण फळाला आली. तोवर असे भाग पंधरा मिनिटांचे असत. बाईंनी अर्ध्या तासाचा आग्रह धरला. स्वयंपाकघरात चहा-कॉफी घेता घेता दोन माणसे बोलत आहेत, कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवर स्थिरावला आहे आणि कोणाला कसली घाई नाही, अशी तिची चाल होती. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी याच मालिकेचे थेट प्रक्षेपण मध्येच तोडून वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या आवाजात अध्यक्ष केनेडींवरील गोळीबाराची वार्ता देण्यात आली. राष्ट्राचा आघात घरोघर पोचला तो अशा एका घरगुती संवादाच्या मधून.

बाईंनी शिष्यही घडवले. अॅग्नेस निक्सन यांची कथा प्रसिद्ध आहे. वडिलांना वाटे की मुलीने आपल्या प्रेतवस्त्रांच्या धंद्यात यावे. लेखनाचे खूळ उतरावे म्हणून त्यांनीच तिची इर्नाबाईंशी भेट ठरवली. बाईंनी मुलीचे लेखन वाचले आणि तिला तिथल्या तिथे नोकरी देऊ केली! याच अॅग्नेसबाईंनी १९६२ मध्ये ‘गायडिंग लाइट’मधून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी स्त्रियांपर्यंत नेली. अट अशी होती की ‘कर्करोग’ आणि ‘गर्भाशय’ हे शब्द उच्चारायचे नाहीत. शब्द न उच्चारता अर्थ पोचवण्याचे ते कौशल्य थोर साहित्यिकालाही हेवा वाटावा असे आहे.

घराघरांतल्या कुटुंबांची कथा सांगणाऱ्या इर्नाबाई स्वतः अविवाहित राहिल्या. त्यांनी दोन मुले दत्तक घेतली. शेवट मात्र सुखाचा झाला नाही. काळ बदलला, प्रेक्षक बदलले, बाईंचा हट्टी स्वभाव तोच राहिला. १९७३ मध्ये त्यांना ‘अॅज द वर्ल्ड टर्न्स’च्या लेखनावरून दूर करण्यात आले आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला त्या निवर्तल्या. कथेवरील हक्कासाठी आयुष्याच्या आरंभी भांडलेल्या लेखिकेला अखेरीस आपल्याच कथेच्या दारातून परत फिरावे लागले.

आपल्याकडे ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशी यांची ‘हम लोग’ सुरू झाली. तिचा आराखडा मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांच्या लोकशिक्षणपर मालिकांवरून घेतलेला होता. परंतु मध्यमवर्गीय घर, त्यातली साधी माणसे आणि पुढच्या भागाची ओढ हे गोत्र जुनेच होते. मराठीतही ‘आभाळमाया’ने १९९९ पासून हाच अनुभव दिला. या मालिकांना नावे ठेवणे सोपे आहे. दुपारच्या एकट्या वेळी घरातल्या बाईला कोणाची तरी सोबत हवी असते, ही गोष्ट प्रथम कोणी ओळखली हे ध्यानात ठेवणे अधिक न्यायाचे. आपल्या ग्रंथालयातून घरी जाणाऱ्या कादंबऱ्यांनीही तेच काम केलेले आहे.

एक शेवटची गोष्ट. जुन्या काळातले बहुतेक भाग थेट प्रक्षेपित होत. ते हवेत विरले. इर्नाबाईंचे कागद मात्र विस्कॉन्सिनच्या ऐतिहासिक संस्थेच्या संग्रहात आहेत, आणि अभ्यासक ते आजही चाळतात. आयुष्यभर हवेशी बोललेल्या बाईंना अखेर जपले ते कागदाने आणि संग्रहपालाने. आपल्या ग्रंथालयाने शंभर वर्षे हेच काम केले आहे. आज ज्याला हलके म्हणून बाजूला सारले जाते, त्यातलेही थोडे पुढच्या पिढीसाठी कपाटात ठेवावे, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे संपते.