उत्तर रिकामं आलं, म्हणजे काय?



गोंदिया जिल्ह्यात सालेकसा किंवा देवरी तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत नेट बंद पडलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाईट गेली की केबल तुटली? लाईट गेली असेल तर वाट पाहायची. केबल तुटली असेल तर जोडणीचं मशीन घेऊन माणसं जंगलातल्या रस्त्यानं पाठवायची. निदान चुकलं, तर त्यांचा दिवस वाया जातो आणि दाखल्यासाठी आलेला माणूस रिकाम्या हातानं परततो.

याचं उत्तर जाळ्यातच असतं. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हटल्या गेलेल्या योजनेत पंचायतीत ओएनटी नावाचं उपकरण असतं आणि तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी. वीज गेली, की बंद पडता पडता ओएनटी एक शेवटचा निरोप धाडतं. त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात. फायबरच तुटली, तर हा निरोप पोचूच शकत नाही. ओएलटीला फक्त प्रकाश नाहीसा झालेला दिसतो. ओएलटीच्या एकाच पोर्टवरच्या सगळ्या पंचायतींचा प्रकाश एकदम गेला, तर तूट बहुधा मुख्य तारेत. एकीचाच गेला, तर तिच्या फाट्यावर. लाईनवरच्या माणसाला हे तोंडपाठ असतं.

आता निदानाचं हे काम एआय एजंटकडे येऊ लागलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीनं अशा एजंटला बाहेरच्या साधनांशी जोडणारा एमसीपी हा खुला प्रोटोकॉल जाहीर केला. त्यात प्रत्येक साधनाला एक नाव असतं, एक वर्णन असतं आणि कोणती माहिती द्यायची याचा नमुना असतो. कोणतं साधन कधी वापरायचं, हे एजंट मुख्यतः एवढ्यावरून ठरवतो. नव्या कामगाराला शंका आली तर तो शेजारच्याला विचारतो. एजंटला हा शेजारी नाही. जे लिहिलं नाही, ते तो अंदाजानं भरतो.

झॅबिक्स हे नेटवर्कवर लक्ष ठेवणारं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या एपीआयमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनी त्याच्याशी बोलण्याच्या सोयीत, जुनी मोजमापं मागवण्यासाठी ‘हिस्टरी.गेट’ आहे. एजंटला ते साधन म्हणून देता येतं. मोजमाप कोणत्या प्रकारचं, हे सांगितलं नाही, तर ते ३ धरतं. म्हणजे पूर्णांक, तोही धन. पण ओएनटीपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २४.६ डीबीएम अशी असते. उणे आणि अपूर्णांकी, म्हणून तिचा प्रकार ०. प्रकार न सांगता मागितलं, तर चूक दाखवली जात नाही, नुसती रिकामी यादी येते. एजंट बिनदिक्कत लिहितो, ‘या उपकरणाची नोंद उपलब्ध नाही’. वरचा अधिकारी ते वाचतो आणि ओएनटी बंद आहे असं धरून चालतो. उपकरण मात्र तिकडे ठणठणीत असतं!

म्हणून या साधनाच्या वर्णनात असं लिहावं: ‘प्रकाशाच्या पातळीसाठी प्रकार ० द्या. रिकामी यादी आली, म्हणजे उपकरण बंद आहे असं समजू नका; आधी प्रकार आणि कालावधी तपासा. एकक डीबीएम. बी प्लस वर्गाच्या ओएनटीची मर्यादा उणे २७. आकडा त्याच्या जवळ सरकत असेल तर जोड किंवा वाक तपासायला सांगा.’ चार ओळी, पण एक फेरी वाचते.

दुसरं उदाहरण जास्त धोक्याचं. ‘इव्हेंट.अ‍ॅकनॉलेज’ला काय करायचं ते आकड्यांच्या बेरजेनं सांगतात: १ म्हणजे अडचण बंद करा, २ म्हणजे दखल घेतली, ४ म्हणजे शेरा लिहा. ६ दिले, तर दखल आणि शेरा. ७ दिले आणि तशी मुभा असेल, तर अडचणच मिटली अशी नोंद होते. गावात नेट बंद आणि पडद्यावर सगळं हिरवं! माझं ठाम मत आहे, की हा आकडा एजंटच्या हाती देऊच नये. ‘शेरा लिहा’ असं वेगळं साधन करावं आणि बंद करण्याचा अधिकार माणसाकडेच ठेवावा. वेळेचंही लिहून ठेवावं: झॅबिक्स जागतिक वेळेनुसार (यूटीसी) मोजलेल्या सेकंदांत वेळ देतं, ती भारतीय वेळेत बदलूनच सांगायची. नाही तर सकाळी साडेआठचा बिघाड पहाटे तीनचा म्हणून नोंदला जातो.

हे सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं एकट्यानं लिहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पंचायतीतल्या उपकरणाला बॅटरी असेल, तर शेवटचा निरोप लाईट गेल्यावर येत नाही, बॅटरी संपल्यावर येतो. हे दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतं. एपीआयच्या पुस्तकात ते सापडणार नाही.

गोंदियातल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनच्या मुलांना हे काम आज सुरू करता येईल. एका संगणकावर झॅबिक्स बसवा आणि त्याला एजंट जोडा. ज्यांची कारणं पक्की ठाऊक आहेत, असे जुने बिघाड लाईनवरच्या माणसांकडून उतरवून घ्या आणि एकेक करून एजंटपुढे ठेवा. तो चुकला, की आधी साधनाचं वर्णन वाचा, त्या माणसांना शेजारी बसवून ते दुरुस्त करा आणि तोच बिघाड पुन्हा विचारा.