संस्थेला लपण्याचा हक्क नाही



समलिंगी आणि ट्रान्स मित्रमैत्रिणींच्या आपल्या या संस्थेचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. गोड बोलायचा भाग इथे संपला.

खाली दारात आपला फलक नाही. कार्यकारिणीला विचारलं तर म्हणाले, "सर, उगाच वाद नको." हॉलच्या अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' असा रकाना असतो. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, वाढदिवस. आपण वर्षानुवर्षं 'वाढदिवस' या शब्दावर खूण करत आलो. मॅनेजरला संशय नको म्हणून केक आणायचा आणि ज्याचा वाढदिवस नाही त्याला मेणबत्ती विझवायला लावायची. कोजागरीला वाढदिवस, संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही वाढदिवस! एकदा एका हॉलच्या अर्जावर खरं कारण लिहिलं, तर "इथे फॅमिली प्रोग्राम होतात" असं सांगून अनामत रक्कम परत केली. त्या दिवशी येणाऱ्यांत सर्वांत जास्त आया होत्या. आयांना वगळून यांची कुठली फॅमिली उभी राहते?

पण मी आज फक्त हॉलवाल्यांशी भांडायला उभा नाही, तुमच्याशीही भांडणार आहे. माणसाला लपण्याचा हक्क आहे. कुणी भाड्याच्या खोलीत राहतो, कुणाच्या नोकरीचा प्रश्न आहे, कुणाच्या घरी म्हातारे वडील आहेत. त्याला ओढून उजेडात आणण्याचा अधिकार कुणाच्या बापाचा नाही. संस्थेला मात्र हा हक्क नाही. जी संस्था स्वतःच खोट्या नावाने हॉल घेते, ती दारात आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला पहिलाच धडा देते: इथेही खोटं बोलावं लागतं बरं का.

वाद नको म्हणणाऱ्यांनी जरा वाकोल्याकडे पाहावं. अशोक राव कवींनी 1990 मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक काढलं, 1994 मध्ये त्यांच्यासाठीच हमसफर ट्रस्ट उभा राहिला आणि त्याचं केंद्र वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत चाललं. समलिंगी संबंधांना कलम 377 मध्ये तेव्हा जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती. अशा काळात त्या माणसांनी सरकारी छताखाली आपल्या नावानं जागा मिळवली. आज काय स्थिती आहे? 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. त्याच वर्षी 28 ऑगस्टला केंद्रीय अर्थ खात्यानं स्पष्ट केलं की, आपल्याला बँकेत जोडखातं उघडायला आणि जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हणून लावायला कसलीही आडकाठी नाही. बँकेच्या काउंटरवर दोन पुरुष शेजारी शेजारी सह्या करू शकतात, आणि आपण मसाला दूध आटवायला खोटा अर्ज भरतो! लग्नाचा हक्क 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानं नाकारला, हे खरं. ती लढाई दिल्लीत चालेल. हॉलची लढाई आपल्या गल्लीतली आहे, ती लढायला कुणी वकील लागत नाही.

"आमच्या मराठी संस्कृतीत हे बसत नाही," असं सांगणाऱ्यांना मी एक जुना खटला वाचायला देतो. र. धों. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही असत. अशाच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. दंड भरला तो मराठी माणसानं, वाद घातला तो मराठी माणसानं. पुढे तेंडुलकरांचं समलिंगी नायिकेवरचं नाटक 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगमंचावर आलं. चेतन दातारांनी 'एक माधवबाग' या नाटकात मुलगा समलिंगी असल्याचं कळलेली आई उभी केली. नाट्यगृहात टाळ्या देणारा हाच समाज शेजारच्या हॉलमध्ये त्याच माणसांना नको म्हणतो. संस्कृती तिकीट काढल्यावरच उदार होते काय?

आता घरचा अहेर. 1998 पासून 'गे बॉम्बे' या गटानं पार्ट्याही केल्या आणि पालकांच्या बैठकाही घेतल्या. त्यांचं ऋण मोठं आहे. पण आज आपल्या बहुतेक कार्यक्रमांची भाषा कुठली आणि पत्ता कुठला? मुलुंडचा मुलगा दादरला गाडी बदलून वांद्र्याला जातो, मेनू कार्डाची उजवी बाजू वाचतो आणि साधं पाणी मागवतो. 2014 मध्ये मेट्रो आली, घाटकोपर आणि अंधेरी वीसेक मिनिटांवर आले. आपले संयोजक मात्र अजून खाडीपलीकडे असल्यासारखे वागतात. ट्रान्स मैत्रिणींना लावणीसाठी आग्रहाचं निमंत्रण देतात, कार्यकारिणीच्या निवडणुकीत त्यांची आठवणसुद्धा येत नाही. मागच्या बैठकीत घाटकोपरच्या एका आईनं विचारलं, "दिवाळीत मुलाचा मित्र घरी येतो. त्याला पाहुणा म्हणून फराळ देऊ की जावई म्हणून ओवाळू?" पॅनेलवरच्या विद्वानांनी इंग्रजीत समावेशकतेवर भाषण दिलं. शेजारच्या दुसऱ्या आईनं उत्तर दिलं, "ओवाळा हो, पाकीटही द्या." दहा परिसंवादांचं काम त्या बाईनं एका वाक्यात केलं.

"फलक लावला तर नवीन मुलं येणार नाहीत," हा आक्षेप मला मान्य नाही. फोटोला बंदी ठेवा, टोपणनावानं नोंद घ्या, मागच्या जिन्यानं येऊ द्या. फलकावर संस्थेचं नाव असेल, तुमचं नसेल. उलट ज्याला आपण आहोत हेच ठाऊक नाही, तो तरी येणार कसा?

म्हणून अध्यक्ष या नात्यानं तीन ठराव मांडतो. एक, यापुढे कुठलाही हॉल खोट्या कारणानं घ्यायचा नाही. नकार मिळाला तर तो लेखी मागायचा. दोन, निम्मे कार्यक्रम मध्य आणि पश्चिम उपनगरांत, मराठीत आणि विनाशुल्क. तीन, कार्यकारिणीत ट्रान्स सभासद निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर हवेत.

मतदान हात वर करून होईल. कुणाच्या हाताची सक्ती नाही. न उठलेला हात मी विरोधी धरणार नाही. पण कार्यकारिणीच्या सदस्यांना ही सवलत नाही. त्यांचे हात मला इथून मोजायचे आहेत.